काळ्या मातीवर क्रेन उभी करताना

अमरावती ते अकोला हा रस्ता वऱ्हाडातल्या माणसाला नव्याने सांगावा लागत नाही. बडनेरा, लोणी, माना फाटा, मूर्तिजापूर, कुरणखेड, बोरगाव मंजू आणि मग अकोला. वर्षानुवर्षे या रस्त्याने आपल्या कंबरा मोडल्या. मग जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर, लोणी ते माना या भागात, ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची नोंद जागतिक विक्रमांच्या पुस्तकात झाली. ७२० माणसे पाळीपाळीने त्या कामावर होती. भर जूनच्या उन्हात, तापलेल्या डांबरापाशी! विक्रमाचे प्रमाणपत्र फोटोत दिसले, ती ७२० माणसे मात्र कुठल्या फोटोत एकत्र दिसली नाहीत. असो.

एस.टी.च्या खिडकीतून दोन्ही बाजूंना काळी जमीन दिसते. कापूस निघून गेलेला, पऱ्हाट्या उभ्या, कुठे हरभऱ्याची सोंगणी चाललेली. मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे, त्यामुळे माझ्यासारखी निवृत्त शिक्षिका पूर्वी दोनदा विचार करायची, ती आता लगेच पिशवी उचलते. या वेळी सोबत भाचा होता. भावाचा मुलगा, वय २२, आयटीआयमधून फिटर झालेला. एका क्रेनवाल्या ठेकेदाराने त्याला पालघरच्या बाजूला हेल्पर म्हणून बोलावले होते. घरात दोन तट पडले. भाऊ म्हणे जाऊ दे, पोरगा कमवील. वहिनी म्हणे, त्या लोखंडाखाली माझे लेकरू उभे करणार नाही. मग ठरले, की पारसच्या मामांना विचारावे. मामांनी उभी हयात खलाशाचे काम केले. म्हणजे जहाजावरचे खलाशी नव्हेत. कारखाने, पूल, वीजघरे उभारताना जड वस्तू उचलून जागेवर बसवणारे जे कसबी कामगार, त्यांनाही आपल्याकडे खलाशीच म्हणतात. नव्या भाषेत रिगर.

मूर्तिजापूरला गाडी थांबली. स्टेशनाकडे पाहिले की शकुंतलेची आठवण होतेच. यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी ही छोटी गाडी कापसाच्या गाठी वाहण्यासाठी इंग्रजी कंपनीने टाकली. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. आता ती बंद पडून आहे. तेव्हा कापसाची गाठ उचलायला यंत्र कुठले? पावणेदोनशे किलोच्या आसपासची ती गाठ लोखंडी आकड्याने ओढत, पाठीवर घेत हमाल डब्यात चढवीत. अकोल्याच्या आणि अमरावतीच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये किती घरांचे आजे-पणजे असे वाकून गेले याची मोजदाद नाही. पाठीवरच्या ओझ्याला कायद्याचे थोडेफार छत्र मिळाले ते १९६९ च्या माथाडी, हमाल कायद्याने. वजन उचलण्याची ही गोष्ट क्रेनपासून सुरू होत नाही, ती पाठीपासून सुरू होते. म्हणून मूर्तिजापुरात दोन मिनिटे जास्त रेंगाळले.

अकोल्यात बसस्थानकाबाहेर अशोक वाटिकेजवळून उड्डाणपूल गेला आहे. तो मे २०२२ मध्ये वाहतुकीला खुला झाला. भाचा मान वर करून पाहत राहिला. अशा पुलांचे गर्डर शहरात बहुधा रात्री चढवतात. रहदारी थांबवायची, एका बाजूने गर्डर आणणारा लांब ट्रेलर, दोन टोकांना दोन क्रेन, खाली दोर धरून माणसे. सकाळी आपण उठून कामाला निघतो तर काल मोकळ्या असलेल्या खांबांवर तुळई बसलेली असते. रेल्वेवरून पूल जात असेल तर काम आणखी नाजूक. रेल्वे खाते ठरावीक वेळेचा ब्लॉक देते. तेवढा वेळ गाड्या बंद, वरच्या तारेतला वीजप्रवाह बंद. त्या दोन-तीन तासांत रेल्वेचे इंजिनिअर, पूल बांधणारी कंपनी, भाड्याने आलेल्या क्रेनचे लोक, गर्डर आणणारे ट्रेलरवाले आणि स्थानिक मजूर या पाच निरनिराळ्या धन्यांच्या माणसांना एका हाताच्या इशाऱ्यावर चालावे लागते. लग्नात दोन घरची माणसे एकत्र आली तरी वाढप्यांत भांडणे होतात. इथे तर डोक्यावर साठ-सत्तर टन लोंबत असतात.

अकोल्याहून बाळापूरच्या रस्त्याने गेले की पारस फाटा लागतो. तिथून ऑटो. लांबूनच वीजघराची चिमणी दिसते. पारस हे वऱ्हाडातले जुने वीजघर. १९६१ मध्ये इथे ३० मेगावॉटचा पहिला संच सुरू झाला, नंतर दुसरा. ते दोन्ही म्हातारे होऊन बंद झाले. त्यांच्या शेजारी २५० मेगावॉटचे दोन नवे संच उभे राहिले, एक २००८ मध्ये आणि दुसरा २०१० मध्ये. अमरावतीच्या पलीकडे नांदगावपेठला २७० मेगावॉटचे पाच संच २०१३ ते २०१५ दरम्यान उभे झाले, तेही असेच मोठे उचल-कामाचे. डॉ. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, तेव्हा देशाच्या वीज धोरणाचे कामही त्यांच्याकडे होते. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, त्याशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगाशिवाय गरिबी हटत नाही, असा त्यांचा आग्रह होता. आपण त्यांची घटना सांगतो, वीज सांगत नाही.

मामांचे घर गावात आहे. दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात निंबाचे झाड. मामा सत्तरीचे, पण हात पाहावेत. तळवा पोलादी दोराने घासून घासून पायाच्या टाचेसारखा झालेला. पोराने पाया पडून "जयभीम" केला. मामींनी पाणी दिले. चहा होईपर्यंत मामा काही बोलले नाहीत. मग भाच्याला विचारले, "हेल्पर म्हून जातं का खलाशी म्हून?"

"हेल्पर."

"हेल्पर म्हंजे काय काय करा लागते ते विचारलं का त्याले?"

पोरगा गप्प. मग मामा चिमणीकडे बोट दाखवून त्या कामाचे सांगू लागले. ते ऐकायला मी तशी अनेकदा बसले आहे, पण शाळेत शिकवलेले विज्ञान त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजले.

औष्णिक वीजघराचा बॉयलर जमिनीवर बसवत नाहीत, तो वरून टांगतात. तापला की लोखंड वाढते. खाली घट्ट बसवले तर वाढायला जागा नाही. म्हणून साठ मीटरच्या आसपास उंच लोखंडी सांगाडा आधी उभा करायचा आणि त्याच्या माथ्यावरच्या तुळयांना सगळा बॉयलर लटकवायचा, म्हणजे तो खालच्या दिशेने मोकळा वाढतो. यात सर्वांत आधी आणि सर्वांत वर जाणारी जड वस्तू म्हणजे ड्रम. जाड पोलादाचे लांबच लांब पिंप, ज्यात पाणी आणि वाफ वेगळी होते. २५० मेगावॉटच्या संचाचा ड्रम शंभर टनांहून जड असतो. तो पन्नास मीटरांहून वर न्यायचा. सांगाड्याच्या खांबांमधली जागा त्याच्या लांबीपेक्षा कमी, म्हणून तो तिरपा करून चढवतात आणि वर गेल्यावर आडवा करतात. अनेक ठिकाणी हे क्रेनने होत नाही. माथ्यावर मोठमोठ्या कप्प्या बांधून, जमिनीवरच्या विंचने पोलादी दोर गुंडाळत, तासन्‌तास इंच इंच वर घेतात.

"दोन टोकाले दोन विंच," मामा म्हणाले. "एकानं घाई केली का ड्रम पाय सोडते. दोघायनंही शिट्टी एकाचीच आयकाची. सायबाची नाही, माह्यी नाही, ज्याच्या हाती शिट्टी दिली त्याची."

कप्प्यांचे तत्त्व असे. दोर जेवढ्या कप्प्यांतून फिरवावा तेवढे बळ कमी लागते, पण दोर तेवढा जास्त ओढावा लागतो. फुकट काही मिळत नाही.

मग क्रेनची गोष्ट निघाली. आपल्या गावात हायड्रा येते, पिवळी, पुढे नाक काढून चालणारी. तिला पाहून पोरांना वाटते, जेवढी मोठी क्रेन तेवढे वजन. मामा हसले. १०० टनांची क्रेन १०० टन उचलते ती फक्त अगदी आपल्या पायाशी. बूम लांब करून वीस मीटर दूरचे वजन उचलायचे तर तीच क्रेन दहा-पंधरा टनांवर येते. पाण्याची घागर कंबरेला लावली तर बाई कोसभर नेते, पण तीच घागर हात लांब करून धरा म्हणावे! किती अंतरावर किती वजन, याचा तक्ता क्रेन बनवणारी कंपनी देते. तो तक्ता ऑपरेटरच्या खोलीत लावलेला असलाच पाहिजे. तक्त्यात न पाहता "उचलते हो, काल उचललं होतं" म्हणणारा माणूस, मामांच्या मते, कामावरचा सगळ्यांत धोक्याचा माणूस.

दोराचेही तसेच. एक टन वजनाला दोन दोर लावले म्हणजे प्रत्येकावर अर्धा टन, असे वाटते. दोर उभे असतील तर ते खरे. दोर जसे आडवे पसरतात तसा ताण वाढतो. जमिनीशी ३० अंशांचा कोन झाला की प्रत्येक दोरावर पुन्हा एक-एक टन येतो. मामांनी अंगणात काडीने काढून दाखवले. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतच झालेले. मी भूमितीत हे कधी शिकवले नाही, याची गंमत वाटली.

दोन क्रेननी एक वस्तू उचलायची असेल तर कोणत्याही क्रेनवर तिच्या ताकदीच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, असा जाणकारांचा रिवाज आहे. कारण एक बाजू थोडी वर गेली की वजन दुसरीकडे सरकते. आणि वारा. वजन हवेत असताना वारा सुटला तर रुंद पत्रा शिडासारखा वागतो. आपल्याकडे वैशाखात दुपारी वावटळ उठते. म्हणून मोठी उचल पहाटे करतात. त्यात अकोल्याचे ऊन, ४५ अंशांच्या वर जाणारे. दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही.

पण वऱ्हाडात या कामाची खरी परीक्षा घेते ती आपली काळी माती. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या लोकांना ती कळत नाही. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, दगडासारखी कडक होते. वाटते, हिच्यावर डोंगर उभा करावा. पावसाचे पाणी पिली की तीच फुगते, लोण्यासारखी होते. पूर्णेच्या खोऱ्यात तर हा काळा थर फार खोल आहे. मोठ्या क्रेनला चार पाय असतात, ते बाहेर काढून टेकवले म्हणजे चाके उचलली जातात आणि क्रेनचे व वस्तूचे सगळे वजन त्या चार पायांवर येते. ज्या बाजूला बूम वळते त्या बाजूच्या पायावर तर जवळजवळ सगळेच. म्हणून त्या जागेची काळी माती खोदून काढायची, खाली बोल्डर, वर मुरूम थराथराने टाकून रोलर फिरवायचा, त्यावर लाकडी स्लीपर किंवा लोखंडी प्लेटा आणि मग पाय.

मामांनी एक प्रसंग सांगितला. एका कारखान्याचे काम होते, नाव घेण्याचे कारण नाही. बाहेरून मोठी क्रेन आली. तिचा ऑपरेटर सरदारजी, सुपरवायझर त्याच कंपनीचा. जमीन तयार करून देण्याचे काम दुसऱ्याच ठेकेदाराचे. त्याने मुरूम टाकल्याचा कागद दिला होता. दिवस श्रावणाचे. क्रेनचे भाडे दिवसाला मोजायचे, त्यामुळे सगळ्यांना घाई. मामा तेव्हा टिंडेल, म्हणजे खलाशांच्या टोळीचे म्होरके. त्यांनी सब्बल घेऊन क्रेनच्या पायाशेजारी खुपसली. ती हातभर आत गेली.

"म्या म्हनलं, साहेब, वर मुरूम हाय, खाली चिखल हाय. थो म्हने, कागद हाय. म्या म्हनलं, कागदावर पाय ठेवता का क्रेनचा?"

शब्दाला शब्द झाला. शेवटी असे ठरले की वस्तू वीतभर उचलून नुसती धरून पाहायची. हा चाचणीचा रिवाज जुना आणि शहाणपणाचा आहे. वीतभर उचलली. क्षणभर काही नाही. मग एका पायाखालची प्लेट एका कडेने बसू लागली. मामांनी दोन्ही हात बाजूला पसरले. तो ताबडतोब थांबण्याचा इशारा. इशारा देण्याचा अधिकार त्या दिवशी त्यांचा नव्हता, शिट्टी सुपरवायझरच्या माणसाकडे होती. पण सरदारजीने कोणाकडे पाहिले नाही. वस्तू तिथल्या तिथे हळूच खाली टेकवली आणि क्रेनमधून उतरून आला. दोन दिवस काम बंद. माती काढली, बोल्डर भरले. तिसऱ्या दिवशी उचल झाली ती लोण्यातून केस काढावा तशी.

वर-खाली, डावे-उजवे हे इशारे एकाच माणसाने द्यायचे, पण "थांबा" हा इशारा कोणीही द्यावा आणि ऑपरेटरने तो कोणाचाही मानावा. जगभरच्या क्रेनकामात हाच नियम आहे. झाडू मारणाऱ्या बाईने हात पसरला तरी क्रेन थांबली पाहिजे. ज्याला एरवी कोणी विचारत नाही, त्याच्या हाताला इतकी किंमत असलेली जागा मला दुसरी आठवत नाही.

इथे मामी मधेच बोलल्या. इतका वेळ त्या भाकरी थापत होत्या. "आन् थो मुरूम कोनं वाह्यला? आमीच. घमेल्यानं. दोन दिवस, दोन राती." खरेच, त्या तेव्हा त्याच कामावर रेजा होत्या. मोठा मुलगा सव्वा वर्षाचा, लुगड्याची झोळी बांधून टिनाच्या सावलीत निजवलेला. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात असे होते, की ५० हून जास्त स्त्रिया कामावर असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी स्वतंत्र खोली आणि सांभाळायला बाई हवी. मामींनी ती खोली आयुष्यात पाहिली नाही. क्रेनची छायाचित्रे छापून येतात, पण तिच्या पायाखालच्या मुरमाचे छायाचित्र कोणी काढत नाही.

खलाशांच्या बोलीची एक मौज सांगते. वर घ्यायचे असले की "हबेस" आणि खाली सोडायचे असले की "आरिया". पोर्तुगीज जहाजांवर शीड खाली घेताना जो शब्द होता तोच हा "आरिया". समुद्रावरून बंदरात, बंदरातून रेल्वेत आणि रेल्वेतून पारसच्या अंगणात आला. पंजाबी ऑपरेटर, बिहारी मदतनीस, वऱ्हाडी टिंडेल या तिघांची भाषा वेगळी, पण "आरिया" तिघांना कळते. गोंगाटात तेही ऐकू येत नाही, मग हात. तर्जनी वर करून गोल फिरवली की उचल, खाली करून फिरवली की सोड. भाच्याने अंगणात उभे राहून करून पाहिले. शेजारची पोरे जमली.

मामांचे कसब कुणी कागदावर लिहून दिले नाही, हा मात्र मला सलणारा भाग. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. अध्यक्ष बाबासाहेब. त्यांनी तिथे नेमके हेच मांडले होते. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला स्टेशनावरचा पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टर स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करतो आणि तिथे विटाळ आड येतो. याच बडनेरा, मूर्तिजापूर, अकोल्यावरून जाणारी ती रेल्वे. आज पोर्टर होण्यास कोणी अडवत नाही. पण क्रेनच्या कामावर फिरून पाहा. दोर धरणारा कोण, मुरूम वाहणारा कोण, ऑपरेटरच्या गारेगार खोलीत कोण आणि तक्ता वाचणारा कोण? मामा टिंडेल झाले ते स्वतःच्या हिमतीवर. त्यांच्या टोळीतले बाकीचे हेल्पर लागले आणि हेल्परच निवृत्त झाले. निवृत्त हा शब्दही मोठाच झाला म्हणा, काम बंद पडले एवढेच.

म्हणून मामांचा पहिला प्रश्न महत्त्वाचा होता. मोठ्या क्रेनच्या कंपन्या आपला ऑपरेटर, आपला रिगर घेऊन येतात. स्थानिक ठेकेदार फक्त "पोरं" पुरवतो. त्या पोरांना वर्षभर दोर धरायला लावून काही शिकवले नाही, तर पुढच्या कामावर ती पुन्हा पोरंच. क्रेन चालवण्याचे आणि रिगिंगचे प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवता येते. फिटर झालेल्या मुलाला ते अवघड नाही. समुद्रापलीकडे जाऊन कमवायचे असेल तर त्या कागदाशिवाय कोणी क्रेनजवळ उभे करत नाही.

दुसरी गोष्ट वहिनीच्या भीतीची. ती भीती खोटी नाही. आपल्या जिल्ह्यातून धामणगाव, चांदूर, नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला. नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण रस्ता खुला झाला. त्याच महामार्गाच्या ठाणे जिल्ह्यातल्या टोकाला, शहापूर तालुक्यात सरलांबे येथे, १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेपूर्वी पुलाचे गर्डर चढवणारे अवाढव्य यंत्र गर्डरसह कोसळले. २० जण गेले. उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, तामिळनाडू इथून पोटासाठी आलेले लोक. आपण आज त्या रस्त्याने आठ तासांत मुंबई गाठतो.

भाच्याचे काम पालघरच्या बाजूचे. तिकडून मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग जातो. त्या प्रकल्पातल्या ४० मीटर लांबीच्या एका अखंड गर्डरचे वजन ९७० टन असते, हे मामांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हजार टनाचंही गनित तेच. जमीन, दोर, वारा आन् एक शिट्टी."

जेवणे झाली. ज्वारीची भाकरी, तुरीच्या दाण्यांची आमटी, ठेचा. मामींनी पोराला जवळ बसवून विचारले, "तुले काई झालं त मले फोन कोन करन? त्या ठेकेदाराकडं तुह्या मायचा नंबर हाय का?" एवढा साधा प्रश्न घरातल्या दोन्ही तटांपैकी कोणी विचारला नव्हता.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. मायबहिणींनो, तुमच्या घरातून कोणी अशा कामावर निघाला असेल तर हे तुम्हीही विचारा, म्हणून इथे लिहिते. हजेरी कोणाच्या नावाने लागणार, क्रेनच्या कंपनीच्या की पोरे पुरवणाऱ्याच्या? अपघात झाला की हे दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. भविष्य निर्वाह निधी आणि विम्याचा क्रमांक मिळणार का? हेल्मेट, बूट, उंचीवर बांधायचा पट्टा कोण देणार? पगारातून कापणार का? महाराष्ट्रात २०११ पासून इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेऊन त्याचा निधी जमतो. १८ ते ६० वर्षांच्या ज्या कामगाराने वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केले त्याला नोंदणी करता येते. मुलांचे शिक्षण, आजार, बाळंतपण आणि कामावर मृत्यू आल्यास कुटुंबाला मदत, या योजना नोंदणी असलेल्यालाच मिळतात. नव्वद दिवस भरल्याचा दाखला ठेकेदार देतो. तो देणार का, हे पहिल्याच दिवशी विचारायचे, एक्क्याण्णवाव्या दिवशी नाही. आणि रोज काम सुरू होण्याआधी काय उचलायचे, कसे, इशारा कोण देणार, हे सगळ्यांना एकत्र उभे करून सांगतात का? जिथे सांगत नाहीत तिथे माणसाने दोराला हात लावू नये, असे मामांचे स्पष्ट मत.

दुपारी ऊन उतरल्यावर बाळापूरचा किल्ला पाहून आलो. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा हा किल्ला अचलपूरच्या नवाबाने अठराव्या शतकात पुरा केला. पलीकडे मिर्झाराजे जयसिंगाची छत्री आहे. भाच्याचे लक्ष एकाच गोष्टीत. हे एवढाले दगड त्या काळी वर चढवले कसे? मामा म्हणाले, मातीची उतरंड करून, बैल लावून, लाकडाच्या ओंडक्यांवरून. आणि खाली माणसे. आम्ही तटावरून नदी पाहत बसलो तेव्हा पोराने ठेकेदाराला फोन लावला. कागदावरचे प्रश्न एकामागून एक विचारले. आवाज आम्हालाही ऐकू येत होता. पगार सांगितला, राहायची खोली सांगितली, हेल्मेट देतो म्हणाला. हजेरी कोणाच्या नावाने, या प्रश्नाला उत्तर आले, "तू ये तर खरा, आल्यावर पाहू."

मामांनी फोन मागून घेतला. "मी पारसचा टिंडेल बोलतो. पोरगा येते. तुमी हजेरीचं न् विम्याचं लेखी धाडा, तो दुसऱ्या दिशी गाडीत बसते."

पलीकडून थोडा वेळ आवाज नव्हता. मग, "पाठवतो," असे ऐकू आले. ही गोष्ट गुरुवारची. पुढच्या मंगळवारी भाच्याच्या फोनवर कंपनीच्या शिक्क्याचा कागद आला. त्यात हजेरी क्रेनच्या कंपनीच्या नावाने होती, पद मात्र हेल्परच. मामांनी निरोप दिला, सहा महिने दोर धर, रोज रात्री तक्ता वाच आणि सहा महिन्यांनी रिगरच्या परीक्षेचे विचार. वहिनीने पिशवीत लाडू भरले आणि आपला फोन नंबर मोठ्या अक्षरांत चार ठिकाणी लिहून दिला. बुधवारी रात्री बडनेऱ्याहून तो गाडीत बसला.